बोलायचं कशाला?



मागच्या महिन्यात आपल्या श्रोता गटात कार्यक्रम ऐकून झाला आणि मी नेहमीसारखं विचारलं, “मग, काय वाटलं?” तर एक मावशी चटकन म्हणाल्या, “ऐकलं की आम्ही. आता वर बोलायचं कशाला? बोलून कांद्याचा भाव वाढणार आहे का?” सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर भाकरी थापताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. खरंच, बोलायचं कशाला? आजचं बोलणं म्हणजे त्या मावशींना दिलेलं उत्तर समजा. थोडं लांबलेलं आहे.

पहिली गोष्ट रेडिओचीच. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं एक प्रयोग केला. युनेस्को या जागतिक संस्थेची त्याला मदत होती. कल्पना कॅनडातून आलेली. तिकडे शेतकरी कुटुंबं हिवाळ्यात एकमेकांच्या घरी जमून रेडिओवरचा कार्यक्रम ऐकायची आणि मग त्यावर चर्चा करायची. पुणे केंद्रानं पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. त्याला एक अध्यक्ष, एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि गुरुवारी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. ऐकून झालं की रेडिओ बंद करायचा आणि बोलायचं.

मग टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी गावांची तपासणी केली. पॉल न्यूरथ नावाचे गृहस्थ त्यात प्रमुख होते. काही गावांत रेडिओही होता आणि चर्चामंडळही. काही गावांत नुसता रेडिओ होता. दोन्हीकडे कार्यक्रम तेच, आवाज तोच. पण चर्चा करणाऱ्या गावांत लोकांच्या माहितीत जेवढी भर पडली, तेवढी नुसतं ऐकणाऱ्या गावांत पडली नाही. फरक चांगला ठळक होता. पुढे १९५९ पासून देशभर अशी मंडळं सुरू झाली, ती या पुण्याच्या अनुभवावर.

म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं. ऐकलेलं आपलं व्हायचं तर ते एकदा आपल्या तोंडून यावं लागतं. पण बायकांच्या बाबतीत एवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे मुळात प्रश्न असा होता की बाईनं चारचौघींत बसून बोलायचं तरी कुठं? आणि त्याची गोष्ट रेडिओच्या किती तरी आधी सुरू होते.

पुरुषांनी सभा काढल्या त्या १८४८ च्या सुमाराला. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या मुलांनी ज्ञानप्रसारक सभा काढली, तिथं निबंध वाचायचे, त्यावर वाद करायचे. त्यानंतर परमहंस सभा आली. जातिभेद मोडायचा तिचा निश्चय, पण सगळं गुपचूप. सभासदांची नावं फुटली आणि १८६० च्या आसपास ती सभा संपलीच. शिकलेसवरलेले पुरुष, पण गावाला कळेल म्हणून धास्तावलेले. आता बाईचं बघा. तिला गुपचूप जायचीही सोय नव्हती. तिला बाहेर पडायचं तर माजघरातून, चार सासवांच्या डोळ्यांसमोरूनच पडावं लागे.

बायकांसाठी पहिली बैठक घातली ती सावित्रीबाई फुल्यांनी. १८५२ च्या संक्रांतीला पुण्यात त्यांच्या महिला सेवा मंडळानं तिळगुळाचा समारंभ केला. अध्यक्षस्थानी कलेक्टरची बायको, जोन्सबाई. आमंत्रणात स्पष्ट कळवलं होतं की कुठल्याही जातीची बाई आली तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदीकुंकू लावताना भेद केला जाणार नाही. हे वाचलं की मला त्या आमंत्रणाच्या शहाणपणाचं फार कौतुक वाटतं. व्याख्यान आहे म्हटलं असतं तर कोण आलं असतं? तिळगूळ म्हटलं की सासूलाही नाही म्हणता येत नाही. पण जाजम एक! खरी सुधारणा त्या जाजमात होती.

जाता जाता एक सांगते. हळदीकुंकवाला आजही आपण किती जणींना वगळतो ते आपल्याला ठाऊक आहे. नवरा गेला की दारावरून आमंत्रण पुढं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं, सगळं बंद. सावित्रीबाईंच्या जाजमाला तेव्हा एकशे सत्तर वर्षं झाली होती.

सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता साळवे आठवा. मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची पोर. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद ज्यांचे त्यांचे, मग आमचा धर्म कुठला, असं तिनं देवालाच विचारलं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात, हेही तिनं लिहिलं. तिच्या आधी बाळंतिणीच्या हालांवर कुणी कागद खर्च केला होता? जिला विचारायला जागा मिळाली तिनं काय विचारलं, ते बघा.

आता १८८२ साल. या सालावर मी जरा रेंगाळणार आहे.

त्या वर्षीच्या एप्रिलात पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. वय चोवीस. दुष्काळात आईवडील गेलेले, भाऊ गेलेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवराही गेलेला. कडेवर लहान मनोरमा. कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली पंडिता आणि सरस्वती ही बिरुदं सोबत. पुण्यातल्या सुधारक मंडळींनी त्यांना बोलावून घेतलं होतं. थोड्याच दिवसांत त्यांनी आर्य महिला समाज काढला. बायकांनी आठवड्याला जमायचं, कुणी तरी विषय मांडायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. विषय कुठले? मुलींचं शिक्षण, बालविवाह. म्हणजे ज्या बायका समोर बसलेल्या, त्यांचीच लग्नं आठव्या-नवव्या वर्षी झालेली. स्वतःच्याच आयुष्यावर चर्चा करायची म्हणजे खायचं काम नव्हतं.

त्या बैठकीत जाणाऱ्या एक बाई म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, दुसऱ्या रमाबाई. त्यांनी पुढं, १९१० साली, ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. माझ्या मते आपल्या प्रत्येक महिला मंडळाच्या कपाटात ते असायला हवं. सभेचा इतिहास लिहिणारे पुरुष सभेत काय झालं ते लिहितात. रमाबाई सभेहून घरी आल्यावर काय झालं ते लिहितात.

लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, नवरा एकतीसचा. नवऱ्यानं पहिल्या दिवसापासून धुळाक्षरं गिरवायला घातली. घरात वडीलधाऱ्या बायका सात-आठ. त्यांचं म्हणणं असं, की पुरुषांना हौस असते, ते सांगतील, पण बाईनं मनावर घ्यायचं नसतं. शिकवायला येणाऱ्या मडमेचा स्पर्श झाला म्हणून रमाबाईंना भर थंडीत पुन्हा अंघोळ करायला लावत. त्यानं ताप येऊन त्या आजारी पडल्या. पंडिता रमाबाईंवर तर या बायकांचा भारीच राग. बापानं देवाला वाहिलेली मुलगी, तिनं बंगाली शूद्राशी लग्न केलं, तोही मेला, आणि आता ही दुसऱ्यांच्या लेकीसुनांना बिघडवायला आली! रमाबाई बैठकीहून परत आल्या की घरात कुणी धड बोलत नसे. टोमणे, अबोला, नाही तर मुद्दाम ऐकू जाईल असं बोलणं.

पुढं मुलींचं हायस्कूल निघावं म्हणून पुण्यात गव्हर्नरांसमोर मोठी सभा झाली. त्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. आपल्याला आज हा इतिहासातला सोन्याचा क्षण वाटतो. १८८४ साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली ती या खटपटीतून. पण त्या संध्याकाळी घरी काय वाढून ठेवलं होतं? पुरुषांनी भरलेल्या सभेत सून इंग्रजी वाचते म्हणून घरच्या बायकांनी जे तोंडसुख घेतलं, ते रमाबाईंनी लपवलेलं नाही. नवऱ्यानं समजूत घातली ती अशी, की मोठी माणसं आहेत, उलट उत्तर देऊ नकोस, सोस.

या जागी मी दर वेळी अडखळते. न्यायमूर्ती मोठा माणूस, यात शंका नाही. पण भाषण लिहून द्यायचे ते, आणि सोसायचं तिनं. सभेची किंमत भरायची पाळी बाईवर आली. आणि वसूल करणाऱ्याही बायकाच होत्या. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्यातल्या कित्येक जणी लहानपणीच विधवा होऊन त्या माजघरात आयुष्य काढलेल्या. त्यांना कुठल्या सभेला कुणी बोलावलं होतं? त्यांच्याजवळ मान होता तो फक्त त्या घरातला, आणि धाकट्या सुनेच्या हातात पुस्तक आलं की तोही जातोय असं त्यांना वाटलं असणार.

बाहेरची मंडळीही मागं नव्हती. ‘केसरी’नं लिहिलं, की समाजातल्या वाईट चाली काढून टाकणं हे पुरुषांचं काम आहे, बायकांनी, त्या पंडिता असल्या तरी, आणखी पुष्कळ वर्षं त्यात पडू नये. त्याच वर्षी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगासमोर पंडिता रमाबाईंनी मराठीतून साक्ष दिली. मुलींना शिकवायला बाया हव्यात आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी ठासून सांगितलं. आठवड्याच्या बैठकीत बायका जे एकमेकींत कुजबुजत असतील, तेच सरकारच्या दप्तरात गेलं.

पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूनं उभे राहिले. आर्य महिला समाजाचं काय झालं असेल? सभा काढणारी गेली की सभा बसते, असा आपला नेहमीचा अनुभव. पण मुंबईला जी शाखा निघाली होती, ती टिकली.

आणि त्या मुंबईच्या बैठकीत आईबरोबर एक मुलगी जायची. तिचं नाव रखमाबाई.

सुतार समाजातली मुलगी. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, पण ती नांदायला गेली नव्हती. १८८४ साली नवऱ्यानं दावा लावला, की बायको माझ्या ताब्यात द्या. पहिल्या न्यायाधीशानं दावा फेटाळला. मग अपील. मार्च १८८७ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, महिन्याभरात नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन. मधल्या काळात, १८८५ साली, तिनं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीनं पत्रं लिहिली. बालविवाहानं पोरीचं शिकणं कसं थांबतं, मन कसं मरतं, ते त्यात होतं. देशभर खळबळ झाली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती सुटली. पुढं ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोटच्या दवाखान्यांत तिनं आयुष्य काढलं.

एकटीच्या हिमतीची गोष्ट म्हणून आपण ही सांगतो. आहेच ती हिमतीची. पण मला वाटतं, ‘मला हे मान्य नाही’ हे वाक्य कोर्टात पहिल्यांदाच तोंडातून निघत नाही. त्याची सवय आधी कुठं तरी, आपल्या बायकांत बसून झालेली असते.

ज्यांना अशी बैठक नव्हती त्यांचं काय? त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. अर्भकहत्येच्या खटल्यात सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांतून सगळ्या बाईजातीवर चिखलफेक चालली होती. ताराबाईंनी त्या पुरुषांना सरळ उभं-आडवं घेतलं. आजही ते वाचताना कान गरम होतात! पाचशे प्रती छापल्या. टीका झाली. फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंनी दुसरं पुस्तक लिहिलं नाही. पुण्यात बायकांची सभा भरायला लागली त्याच साली, तिकडे बुलढाण्यात ही बाई एकटी बसून लिहीत होती. त्यांच्या भोवती दहा बायका असत्या, तर आपल्याला आणखी काय काय वाचायला मिळालं असतं!

आणि ज्या सभेत गेल्या, पण जाजमाच्या कडेलाच बसवल्या गेल्या, त्यांचीही गोष्ट सांगायला हवी. नागपूरच्या जाईबाई चौधरी. हमाली करून शिकलेल्या, दलित मुलींसाठी शाळा काढलेल्या. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिथं जेवणाच्या वेळी जाईबाईंना आणि त्यांच्याबरोबरच्या दलित बायकांना वेगळं बसवलं गेलं. बायकांच्या हक्कांसाठी भरलेली परिषद, आणि पंगत वेगळी. त्यांनी निमूटपणे पान वाढून घेतलं नाही. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी निषेधाची सभा घेतली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात अशा कितीतरी जणींना शोधून काढलंय, त्यांच्या घरी जाऊन, त्यांना बोलतं करून.

त्यानंतर पाच वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, त्याच नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बायका आल्या. ठराव काय केले? बाईला काडीमोडाचा हक्क हवा. पुरुषाला दुसरी बायको करता येऊ नये. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना रजा मिळावी, इजा झाली तर भरपाई मिळावी. कायद्यात या गोष्टी यायला पुढं कित्येक वर्षं लागली. हे ठराव वरून कुणी लिहून दिलेले वाटत नाहीत. गिरणीत पाय सुजवून घेतलेल्या बाईलाच रजेचा ठराव सुचतो.

आता मावशींच्या कांद्याकडे येते. विसरले नाही मी.

नाशिक जिल्ह्यातलं चांदवड. कांद्याचाच मुलूख. १९८६ च्या नोव्हेंबरात तिथं शेतकरी संघटनेनं शेतकरी बायकांचं अधिवेशन घेतलं. लाखावर बायका जमल्या. त्याआधी बायकांची शिबिरं झाली होती. तिथं भाषणापेक्षा विचारणं जास्त. सकाळी उठल्यापासून काय काय करता? खुरपणी कोण करतं? पैसे कुणाच्या हातात येतात? जमीन कुणाच्या नावावर? साधे प्रश्न, पण पूर्वी कुणी विचारले नव्हते. त्यातूनच पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, म्हणजे नवऱ्यानं आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती केलीही. सगळ्यांनी केली असं नाही. आपापला सातबारा बघा, म्हणजे कळेल.

मी हे सगळं मागच्या आठवड्यात श्रोता गटात थोडक्यात सांगितलं. मावशी ऐकत होत्या, पदरानं वारा घेत. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही गप्प राहिले, कारण ती शांतता मोडू नये एवढं मला आता कळायला लागलंय.

मग मावशीच म्हणाल्या, “भाव वाढला का पडला, मला कधी कळतच नाही. लावणी मी करते, काढणी मी करते, पोत्यात मी भरते. मार्केटला मालक जातात. पट्टी त्यांच्या खिशात. मी विचारलं तर म्हणतात, तुला काय करायचंय.”

शेजारची म्हणाली, “आमच्याकडं पण तसंच.” तिसरी म्हणाली, “मला पट्टी वाचताच येत नाही. हमाली किती कापली, तोलाई किती, सगळं बारीक अक्षरात असतं.” तेरा जणी होत्या आम्ही. त्यातल्या अकरा जणींनी आपल्या घरच्या मालाची पट्टी कधी हातात धरली नव्हती.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक पट्टी घेऊन यायचं ठरलंय. बाजार समितीत हिशोब लिहिणाऱ्या एक ताई येणार आहेत, त्या एकेक रकाना समजावून सांगतील. ज्यांना मागून मिळणार नाही, त्यांनी काय करायचं, यावर मात्र त्या दिवशी एकमत झालं नाही.